खारघरच्या डोंगराखाली पहिला राउंड

कोनमध्ये राहणाऱ्यांना डोंगरांचे अप्रूप नाही. पूर्वेला प्रबळगड आणि माथेरानची रांग, दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका. तरी या दिवाळीच्या सुट्टीत आम्हा कुटुंबाचा बेत जरा वेगळा आहे. खारघरच्या डोंगराखाली सिडकोचे गोल्फ मैदान आहे. तिथे पहिला राउंड खेळायचा, असा हट्ट आमच्या नववीतल्या मुलीने धरला आहे.

नातेवाइकांचे म्हणणे एकच, "हा साहेब लोकांचा खेळ, आपला नव्हे." आम्ही मुलीला अली शेर यांचे नाव सांगितले. दिल्लीच्या गोल्फ क्लबात कॅडी म्हणून, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहत, त्यांनी हा खेळ जवळून पाहिला. 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक गोल्फर ठरले आणि 1993 मध्ये त्यांनी ती स्पर्धा पुन्हा जिंकली.

आम्हाला काळजी वेगळीच आहे. शाळेत दरवर्षी पाहतो, सातवीपर्यंत लंगडी आणि खो-खो जोरात खेळणारी मुलगी नववीत मैदानाच्या कडेला बसू लागते. अभ्यास, कपडे, लोक काय म्हणतील, कारणे अनेक. एकदा सुटलेला खेळ सहसा परत येत नाही. म्हणून मुलगी स्वतः खेळ मागते आहे, तर नाही म्हणण्याआधी नीट चौकशी करायची, असे ठरले.

खारघरचे मैदान सर्वांसाठी खुले आहे. सभासदत्व नसले तरी शुल्क भरून खेळता येते. सुरुवातीला ते 11 होलचे होते, पुढे 18 होलपर्यंत वाढवण्याचे काम सिडकोने हाती घेतले. निघण्यापूर्वी फोन करून चार गोष्टी विचारणार आहोत: किती होल चालू आहेत, आठवड्याच्या मधल्या दिवशी शुल्क किती, काठ्या भाड्याने मिळतात का आणि नवशिक्यांना थेट मैदानावर सोडतात का. कपड्यांचेही विचारू. गोल्फमध्ये साधारणपणे कॉलरचा शर्ट आणि सपाट तळाचे बूट लागतात. पूर्ण बाह्या आणि डोक्यावर स्कार्फ असेल, हे आधीच सांगितलेले बरे.

त्याआधी काही रविवार प्रशिक्षकाकडे सराव. नियमाने पिशवीत 14 काठ्या चालतात, पण नवशिक्याला सात नंबरची आयर्न, एक वेज आणि एक पटर पुरे. चेंडू जेमतेम 46 ग्रॅमचा आणि तो पाडायचे भोक सुमारे 108 मिलिमीटर रुंद.

चढउताराच्या मैदानाचे गणित निराळे असते. चढावर चेंडू कमी लांब जातो, म्हणून जास्त पल्ल्याची काठी घ्यायची, उतारावर उलट. चेंडू पायांपेक्षा उंचावर असेल, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका डावीकडे वळतो. गवतात हरवलेला चेंडू तीनच मिनिटे शोधायचा, असा 2019 पासून नियम आहे. मागचे लोक खोळंबू नयेत, यातच या खेळाची निम्मी तमीज आहे.

पावसाळा आम्ही मुद्दाम टाळला. डोंगरातला पांडवकडा धबधबा तिथून जवळच, आणि तिथे बुडालेल्या मुलांच्या बातम्या पनवेलकरांना पाठ आहेत. नोव्हेंबरात हिरवळ टिकून असते आणि ऊनही सोसवते. फज्रनंतर निघायचे; पळस्पे, कळंबोली करत सकाळीच पोहोचता येते. गाडी नसेल त्यांना बेलापूर-पेंधर मेट्रोचे सेंट्रल पार्क स्थानक सोयीचे. ही मेट्रो नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झाली. वार शुक्रवार नको, म्हणजे जुम्याची घाई होणार नाही.

घरात दोन अटी ठरल्या आहेत. काही गोल्फर होलमागे पैशांची शर्त लावतात. ती आम्ही थट्टेतही लावणार नाही. आणि दादाजींच्या गुडघ्यांना चढ झेपणार नाहीत, म्हणून पहिल्या दिवशी जेवढे होल सर्वांना जमतील तेवढेच. पूर्ण 18 होल म्हणजे सात-आठ किलोमीटरहून अधिक चाल होते. पाणी, खजूर आणि टोपी सोबत घ्यायची.

मुलीने वहीत होलचे रकाने आत्तापासूनच आखले आहेत. दादाजींसाठीही एक रकाना ठेवला आहे.