ओल्या लाकडाचं वजन

मोळी तोलून घ्यायची रीत नव्हती. लातूरला आमच्या गल्लीत तांड्यावरच्या बाया सकाळीच यायच्या. डोक्यावर बाभळीच्या, हिवराच्या फाट्यांची मोळी, वाखाच्या दोरीनं आवळलेली. आजी दारातूनच नजर टाकून भाव सांगायची. ‘उचलून तर बघ माय, मग बोल,’ असं बाई म्हणायची. आजी उचलायची नाही. मोळीतली एक काटकी ओढायची आणि मोडायची. कडकन तुटली तर सौदा, नुसती वाकली तर ‘उद्या आण’. वीस-पंचवीस किलोंचं ओझं कोसभर डोक्यावरून आणलेलं. ते पुन्हा उचलून नेण्यापेक्षा भाव उतरवणं बाईला सोपं पडे. काटकी आजी मोडायची, पण सौदा त्या बाईच्या मानेवर ठरायचा.

मोठी खरेदी मृगाच्या आधी, वखारीत. तिथे मात्र काटा होता, साखळ्यांनी टांगलेला. एका पारड्यात फोडलेले ओंडके, दुसऱ्यात लोखंडी वजनं. १९५८पासून देशात दशमान वजनं यायला लागली आणि पुढच्या काही वर्षांत शेर-मण कायद्यातून गेले. तोंडातून गेले नाहीत. चाळीस शेरांचा जुना मण सदतीस किलोंहून थोडा अधिक भरायचा. पुढे सरळ चाळीस किलोंलाच लोक मण म्हणू लागले. वजनांत शिसं भरून त्यावर सरकारी शिक्का मारलेला असे. वडील तो उलटून बघायचे. हमी असायची ती लोखंडाची. लाकडाबद्दल शिक्का काहीच बोलत नव्हता. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असू शकतं. शिवाय हे पाणी आधी वाफ होऊन जाणार, त्यालाही जाळ लागणार. वाळलेल्या क्विंटलावर जितके दिवस चूल चालेल, त्याच्या जेमतेम निम्मे दिवस ओल्या क्विंटलावर.

फ्रान्सनं यावर एक तोड काढली होती. १७९५च्या कायद्यात मीटर आणि ग्रॅमच्या जोडीनं खास जळाऊ लाकडासाठी एक माप ठेवलं, ‘स्टेर’. म्हणजे एक घनमीटर रचलेला चट्टा. लाकूड ओलं असो की वाळलेलं, चट्टा जवळपास तेवढाच. पाण्याचे पैसे लागत नाहीत. पण ओंडक्यांच्या मधल्या फटीही मापात मोजल्या जातात. चट्ट्यात भरीव लाकूड दोन-तृतीयांशाच्या आसपास. बाकी हवा, आणि ती किती ठेवायची हे रचणाऱ्याच्या हातात. माप कोणतंही घ्या, कुणाला तरी खेळायला जागा उरतेच.

पुढे नोकरीनं नांदेडला आलो. घरात गॅस होता. एकदा सहज हिशोब मांडला. साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेतला दहावा-आठवा हिस्साच भांड्याला लागतो, गॅसच्या शेगडीवर निम्म्याहून जास्त. त्या हिशोबानं १४.२ किलोंचा सिलिंडर वाळल्या लाकडाच्या दोन क्विंटलांना भारी पडतो. मग घरी लाकूड सांगायची वेळ येते ती स्मशानासाठीच. तीन-चार क्विंटल. तिथे कुणी भाव करत नाही, काटकी मोडून बघत नाही.

हे लाकूड येतं कुठून? नांदेडकडे किनवट-माहूरचं जंगल तरी आहे. लातूर जिल्ह्यात वन एक टक्कासुद्धा नाही. तिथलं सरपण मुख्यतः बांधावरचं. पाऊस दगा देतो त्या वर्षी शेतकरी बांधावरची बाभूळ, लिंब विकायला काढतो. व्यापारी झाडाभोवती एक फेरी मारतो, खोडाला कवेत घेऊन अंदाज करतो आणि गुत्त्यानं झाड उचलतो. तेच झाड वखारीत पोचलं की किलोनं विकलं जातं. बांधापासून वखारीपर्यंत नजरेचं राज्य, तिथून पुढे काट्याचं. आणि दोन्हीकडे लाभ मधल्या माणसाचा.

ओलावा मोजणं अवघड असतं तर ही तक्रार केली नसती. पण लातूरच्या मोंढ्यात तो रोज मोजला जातो, सोयाबीनचा. मूठभर दाणे यंत्रात टाकले की आकडा समोर येतो. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांची अट; आडतीतही त्याहून ओला माल आला की भाव खाली. तिथे दाण्यातल्या जास्तीच्या पाण्याचा दमडाही विकणाऱ्याला मिळत नाही. वखारीत तसं यंत्र मी अजून पाहिलेलं नाही. तिथे पाणी लाकडाच्याच भावानं विकलं जातं आणि घेणारा मुकाट्यानं पैसे मोजतो.

दिवाळीच्या सुमाराला मोंढ्यात सोयाबीन घेऊन येणारा आणि पोरीच्या लग्नाला आचाऱ्याच्या यादीतलं लाकूड न्यायला वखारीत येणारा, हा पुष्कळदा एकच माणूस असतो. विकताना पाणी वजा होतं, घेताना जमा होतं. आणि दोन्ही वेळा पैसे त्याच्याच खिशातून जातात.