हाताची घडी, तोंडावर बोट

माध्यमिक शाळेत मी सत्तावीस वर्षं मराठी शिकवलं. त्यातली वीस वर्षं वक्तृत्व स्पर्धांसाठी मुलं तयार केली. बोलणं म्हणजे काय, याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. बोलणारा मनातला विचार शब्दांत मांडतो आणि ऐकणारा तो घेतो. सगळा भार बोलणाऱ्यावर, ऐकणाऱ्याने फक्त गप्प बसायचं. वर्गात शिरताना माझं पहिलं वाक्य ठरलेलं असे : हाताची घडी, तोंडावर बोट. आज हे लिहिते आहे, कारण माझी ती समजूत चुकीची होती आणि तीच मी शेकडो मुलांना शिकवली.

मुलांनी लिहून आणलेल्या भाषणांतले ‘ना’, ‘बघा’, ‘बरं का’ मी लाल शाईने खोडत असे. भाषणाचा सराव आरशासमोर करायला सांगत असे. मंचावर उभं राहिल्यावर श्रोत्यांच्या चेहऱ्यांकडे पाहू नका, शेवटच्या रांगेच्या वर भिंतीवर नजर ठेवा, हा माझा नेहमीचा सल्ला. आठवीतली एक मुलगी डब्याच्या सुट्टीत मैत्रिणींना गावच्या जत्रेची हकिगत अशी सांगायची, की ऐकणाऱ्या मुलींचा घास हातात राहायचा. मी तिला स्पर्धेत उतरवलं. विषय जत्रेचाच होता. भिंतीकडे बघत बोलता बोलता ती दुसऱ्या मिनिटाला थांबली, तिला पुढचं आठवेना. परत येताना एसटीत मी तिला म्हणाले, “डब्याच्या सुट्टीतल्या गप्पा म्हणजे भाषण नव्हे.” तिने पुन्हा कधी नाव दिलं नाही.

या समजुतीला पहिला तडा गेला तो २०२० साली. शाळा मोबाइलवर भरू लागली आणि गोंगाट नको म्हणून मी सगळ्या मुलांना माइक बंद ठेवायला लावले. वर्षानुवर्षं मागितलेली शांतता अखेर मिळाली. पण दहा मिनिटांतच माझं बोलणं अडखळू लागलं. एकच मुद्दा मी तीन-तीनदा सांगत होते, उदाहरण अर्ध्यात सोडत होते, मध्येच “कळतंय ना?” म्हणून थांबत होते. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेला धडा माझ्याच तोंडून परका वाटत होता. तेव्हा मी दोष नेटवर्कला दिला.

निवृत्तीनंतर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायला घेतल्या. माझी आत्या पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात नांदायला गेलेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेला कोयनेचा भूकंप तिने तिथे अनुभवला होता. मी फोन टेबलावर ठेवला. आवाज स्वच्छ यावा म्हणून ओठ घट्ट मिटले आणि नजर पडद्यावरच्या हलत्या रेषेकडे लावली. आत्याने सांगितलं : थंडी होती, पहाटे जमीन हादरली, भिंत पडली, आम्ही बाहेर धावलो, सकाळपर्यंत अंगणात बसलो. पुढे म्हणाली, “एवढंच, पोरी.” रेकॉर्डिंग चार मिनिटांचं भरलं.

मी फोन उचलून बाजूला ठेवला. तेवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या. “काय चाललंय?” म्हणाल्या. आत्याने पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. वहिनी तांदूळ निवडत ऐकत होत्या, पण त्यांचं तोंड मिटलेलं नव्हतं. “हं.” “हं, हं.” “मग?” भिंत पडल्याचं ऐकून त्यांनी जीभ टाळ्याला लावून ‘च् च्’ केलं. आत्या म्हणाली, “अंधारात मी पाळण्यातलं पोर उचललं आणि धावत सुटले...” आणि ती थांबली. वहिनींचा हात सुपात थांबला. “मग?”

“मग काय बाई. अंगणात येऊन बघते, तर हातात नुसती गोधडी.”

“अगं बाई!”

मग सासूबाईंनी बाळाला आधीच कसं उचललं होतं, ते घोंगडीत कसं निजलेलंच होतं आणि पुढे कित्येक महिने आत्या झोपेत पाळणा कशी चाचपायची, हे सगळं आलं. अर्धा तास ती बोलत होती. गोधडीची गोष्ट तिने माझ्यापासून मुद्दाम लपवली नव्हती. ती सांगायला समोर जे लागतं, ते मी तिला दिलं नव्हतं.

त्या रात्री झोप लागली नाही. पुढचे काही महिने मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. आपण ज्याला हुंकार म्हणतो, त्याला व्हिक्टर यंग्वे या अभ्यासकाने १९७० मध्ये ‘बॅक चॅनल’ असं नाव दिलं : बोलण्याचा हक्क समोरच्याकडे ठेवून ऐकणारा मागच्या वाटेने जे पाठवत राहतो ते. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या जॅनेट बॅवेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाने तर मला हलवून सोडलं. त्यांनी काही जणांना स्वतःवर बेतलेला, पण थोडक्यात टळलेला प्रसंग सांगायला लावला. ऐकणाऱ्यांपैकी काहींना गुपचूप एक काम दिलं होतं : ‘टी’ अक्षराने सुरू होणारा प्रत्येक शब्द टिपायचा. म्हणजे ते ऐकत होते, अगदी एकेक शब्द ऐकत होते, पण गोष्टीत नव्हते. त्यांच्याकडून प्रतिसाद कमी झाले आणि मग सांगणाऱ्यांचं सांगणंच ढासळलं. प्रसंगाचा शेवट तर सर्वांत जास्त बिघडला. तो गोळीबंद येण्याऐवजी लोक तोच तोच सांगत राहिले, त्याची सफाई देत राहिले.

हे वाचताना २०२० मधला माझा वर्ग आठवला आणि पडद्यावरची ती हलती रेषाही.

त्या अभ्यासकांनी प्रतिसादाचे दोन प्रकार मांडले आहेत. एक सर्वसाधारण, कोणत्याही गोष्टीला चालणारा : मान हलवणं, ‘हं’ म्हणणं. दुसरा नेमका त्या क्षणाचा, त्याच वाक्याला लागू होणारा. वहिनींचं ‘हं, हं’ पहिल्या प्रकारातलं, तर ‘च् च्’ आणि ‘अगं बाई’ दुसऱ्या. प्रयोगात ज्यांचं लक्ष शब्द टिपण्यात अडकलं, त्यांचा हा दुसरा प्रकार सर्वांत जास्त आटला.

मी लाल शाईने खोडलेल्या शब्दांचा अर्थही आता कळला. “मी काल बाजारात गेले ना...” यातला ‘ना’ फालतू नाही. तिथे बोलणारी क्षणभर थांबते आणि समोरून ‘हं’ येण्यासाठी जागा करते. ‘बघ’, ‘बरं का’, ‘काय सांगू तुला’ हेही त्याच कामाचे. फोनवर ही जागा दोन-तीनदा रिकामी गेली की आपण लगेच विचारतो, “हॅलो? आहेस ना?” मी मुलांच्या बोलण्यातून हे शब्द काढत होते, तेव्हा ऐकणाऱ्याला आत यायचं दारच बंद करत होते.

माझी आणखी एक शिकवण होती : आधी पूर्ण ऐका, मग विचार करा, मग बोला. तीही टिकली नाही. २००९ मध्ये दहा भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास निघालं. जपानी आणि डॅनिशमध्ये थोडा फरक दिसला, पण तोही अर्ध्या सेकंदाच्या आतला. साध्या चित्राकडे बघून त्याचं नाव तोंडातून यायलाच याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच ऐकणारा ते कुठे संपणार हे ओळखून आपल्या उत्तराला लागलेला असतो. ऐकता ऐकता उत्तराची जुळवाजुळव करणाऱ्या मुलांना मी उतावीळ म्हणत आले. ती तर जगभरची माणसं करतात तेच करत होती.

सर्वांत जास्त खंत वाटते ती याची, की हे सगळं शिकायला मला दूर जायची गरज नव्हती. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी’ करत उभे असतात. गोंधळात कथा लावणाऱ्याला साथीदार मध्येच प्रश्न विचारतो आणि कथा पुढे सरकते. कीर्तनकार बुवा श्रोत्यांकडून नामाचा गजर करून घेतात आणि मगच आख्यान उचलतात. आपल्या लोककलांनी ऐकणाऱ्याचा आवाज मंचावरच आणून उभा केला आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची सुरुवातच श्रोत्यांकडे अवधान मागून होते. मी वर्गात त्या अवधानाचा अर्थ ‘शांत बसणं’ असा सांगत आले. आज वाटतं, ते मागणं शांततेहून फार मोठं आहे.

आपली भाषाही इथे थोडी निष्ठुर झाली आहे. गाण्यात साथ देणाऱ्याची ‘री’ आपण मानतो, पण कोणाची ‘री ओढणं’ म्हणजे स्वतःची अक्कल नसणं. ‘हो ला हो’ करणारा म्हणजे लाचार. बोलणाऱ्याला वक्ता म्हणून मान आहे, हुंकार देणाऱ्याला मानाचं नाव नाही. तरी आजीच्या गोष्टीत नातवंडांनी ‘हूं’ म्हणायचं थांबवलं की आजी विचारते, “झोपलास का रे?” गोष्ट कोणाच्या जोरावर चालते, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

हुंकार दिला की संवाद साधला, असं मात्र मी म्हणत नाही. दुःखाच्या घरी कधी हात हातात घेऊन नुसतं बसावं लागतं. सराईतपणे ‘हं, हं’ करत मोबाइल चाळणारी माणसंही आपण रोज पाहतो. पण त्यांचा हुंकार पोकळ आहे, हे बोलणाऱ्याला दोन वाक्यांत कळतं आणि त्याचं बोलणं आटतं. तयार भाषणालाही त्याची जागा आहे. माझा बदल एवढाच : बोलणं हे एकट्याचं कसब आहे, असं आता मी मानत नाही. ते दोघांत घडतं, आणि त्यातल्या एकाला गप्प केलं की दुसऱ्याचे शब्दही कमी पडतात.

गेल्या दिवाळीत आत्याकडे पुन्हा गेले. या वेळी फोन फडताळात ठेवला आणि तिच्या समोर पाटावर बसले. ते रेकॉर्डिंग चाळीस मिनिटांचं आहे. त्यात माझा आवाज सारखा येतो, भांड्यांचे आवाज येतात, दोनदा आम्ही एकदमच बोलतो. मी त्यातलं काही कापलेलं नाही.

आणि ती आठवीतली मुलगी. आता ती तिशीच्या पुढे असेल. कधी भेटली तर तिची क्षमा मागायची आहे. त्याआधी मात्र तिच्या समोर बसून ती जत्रेची हकिगत ऐकायची आहे, “मग?” म्हणत.