चौकशीआधीची शिक्षा

आमच्या घरात गेमिंगचा कॉम्प्युटर आला तो २०२१ साली, लॅमिंग्टन रोडवरून, सेकंडहँड. कारकुनाच्या पगारात नवा बसत नाही. चिरंजीव तेव्हा आठवीत होते आणि शाळा मोबाईलवर भरत होती. ‘अभ्यासालाही होईल’ असे सांगून त्यांनी आईला फितवले आणि आईने आम्हाला.

२०२५ च्या मे महिन्यात तो कॉम्प्युटर ओरडू लागला. बटण दाबल्यावर कामाला लागायला पाच-सात मिनिटे घ्यायचा. गेम सुरू केला की दहा मिनिटांत आतला पंखा असा घोंघावायचा की आमच्या खोलीखालची पिठाची गिरणी जिना चढून वर आली की काय असे वाटावे. मग चित्र अडखळायचे. रात्री शेजारच्या मावशी भिंत ठोकायच्या. आम्ही निकाल देऊन टाकला, रात्रंदिवस गेम खेळून पोराने मशीन जाळले! की-बोर्ड कपाटात, किल्ली आमच्या खिशात. चिरंजीव काही सांगू पाहत होते. “उलट बोलू नकोस,” म्हणून आम्ही त्यांना गप्प केले.

नंतर कॅबिनेट रिक्षात घालून दुकानात नेले. दुकानदाराने झाकणसुद्धा उघडले नाही. “बोर्ड गेला. अठरा हजार लागतील, नाहीतर भंगारात द्या.” घरात रोख होती ती थोरलीच्या नर्सिंगच्या फीची. चिरंजिवांनी ऐकले आणि म्हणाले, “राहू द्या पप्पा, ताईची फी भरा.” त्या रात्री ते जेवले नाहीत. सौ. आमच्याशी दोन दिवस कामापुरत्याच बोलत होत्या.

तोंड फोडले ते थोरलीने. “पप्पा, आमच्याकडे पेशंट आला की आधी टेंपरेचर घेतात. तुम्ही दोघांनी न तपासताच डेथ सर्टिफिकेट लिहिलं की!”

आम्ही बी.कॉम. झालेले. ऑफिसात ताळा जमला नाही तर आम्ही सगळी वही फाडून टाकत नाही, फरकाची रक्कम कुठे दडली ते शोधतो. मग इथे का नाही? की-बोर्ड कपाटाबाहेर आला. ताप मोजणारा फुकटचा प्रोग्रॅम मिळतो, तो चिरंजिवांनी घातला आणि आम्ही जुन्या डायरीत नोंदी घेत बसलो. नुसता बसलेला असताना प्रोसेसर ६२ अंश. गेम सुरू केल्यावर आठव्या मिनिटाला ९८! आणि त्याच क्षणी त्याचा वेग साडेतीन गिगाहर्ट्झवरून दीडवर आला. तिथे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. शंभर अंशांच्या जवळ गेला की प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि पंखा त्याला वारा घालायला जिवाच्या आकांताने फिरतो. म्हणजे हळू चालणे आणि ओरडणे ही एकाच आजाराची दोन लक्षणे होती.

पण सुरू व्हायला लागणारा वेळ? त्याचे उत्तर यात नव्हते, कारण सकाळी मशीन थंड असतानाही तो तेवढाच लागायचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात डिस्कच्या रकान्यात १०० टक्के, आणि ते खाली उतरायलाच तयार नाही. कान लावला तर पंख्याच्या घोंघाटाखाली एक वेगळा आवाज येत होता, कट्-कट् असा. हार्डडिस्क असा आवाज करू लागली तर बाकी सगळे सोडून आधी आतला माल बाहेर काढावा. आमच्या आईचे शेवटच्या वर्षातले फोटो तिच्यात होते, दुसरीकडे कुठेही नव्हते. रात्री दोनपर्यंत बसून चिरंजिवांनी ते पेनड्राइव्हवर घेतले.

रविवारी झाकण उघडले. आधी मशीन बंद करून वायर भिंतीतून काढली. अंगातली स्थिर वीज आतल्या भागांना जाऊ नये म्हणून लोखंडी सांगाड्याला हात लावला. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडला नाही. बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते.

आत काय होते म्हणता? पीठ! गिरणीचे पीठ आणि आमच्याच फोडणीचा तेलकट धूर, दोन्ही मिळून प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये राखाडी गोधडी तयार झाली होती. वारा जायला फट उरली नव्हती. शिवाय मशीन जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून. ती जागा आम्हीच ठरवली होती, पाय लागू नये म्हणून.

“हेच सांगत होतो मी,” चिरंजीव हळूच म्हणाले, “गिरणीचं पीठ जातंय म्हणून.”

वाचकहो, ऑफिसात कुणा शिपायावर आरोपपत्र निघाले तर त्याच्या बाजूने चौकशीत उभे राहणारे आम्ही. म्हणणे ऐकून न घेता शिक्षा कशी देता, असे साहेबांना ठणकावणारे आम्ही. आणि घरातल्या आरोपीचे म्हणणे तीन आठवडे कपाटात बंद! “आमचं चुकलं,” एवढेच आम्हाला म्हणता आले. चिरंजीव ब्रश मारत राहिले.

रंगाच्या कोऱ्या ब्रशने पाती झाडली. पंख्याला बोटाने धरून ठेवले, फुंकरीने तो गरगरला तर बिघडतो. प्रोसेसर आणि पात्यांमधला लेप वाळून खपली झाला होता. तो पुसून नवा लावला, तांदळाच्या दाण्याएवढा. त्या संध्याकाळी गेममध्ये ताप ७४ वर थांबला. मावशींनी भिंत ठोकली नाही. पुढच्या पगाराला हार्डडिस्कच्या जागी एसएसडी घातली, तिच्यात फिरणारे काहीच नसते. मशीन आता अर्ध्या मिनिटात सुरू होते. लेप आणि एसएसडी मिळून खर्च एकोणीसशे रुपये. फी वेळेवर भरली.

चाळीत बातमी पसरली आणि चिरंजिवांना बोलावणी येऊ लागली. एका घरी महागडे ग्राफिक्स कार्ड असूनही गेम रखडत होता. यांनी मागे वाकून पाहिले, तर मॉनिटरची वायर कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या भोकात! दोन मिनिटांचे काम. त्या घरून भज्यांची बशी आली.

आमचे मशीन आता लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर पुढे असते. कॅलेंडरवर महिन्याच्या पहिल्या रविवारी ‘सफाई’ लिहिले आहे आणि पाळ्या लावल्या आहेत. गेल्या महिन्याची पाळी आमची होती, ती चुकली. चिरंजिवांनी कारण विचारले आहे, लेखी.