जबलपूर : सापडलेले आणि न सापडलेले अवशेष

वाचकहो, मुंबईहून इटारसीमार्गे प्रयागराजकडे जाण्याचा योग आला, तर वाटेत एक दिवस जबलपूरला अवश्य उतरा. शहरापासून वीसेक किलोमीटरवर भेडाघाट आहे. धुवांधारच्या धबधब्यातून झेपावणारी नर्मदा तेथे संगमरवरी कड्यांच्या अरुंद खिंडीत शिरते आणि एकाएकी शांत होते. नावेतून दोहो बाजूंस दिसणारे हे शुभ्र कडे दीडशे कोटी वर्षांहून जुने आहेत.

जबलपूर ही प्राचीन अवशेषांचीच भूमी होय. ठगांचा बीमोड करणारे म्हणून आपणांस ठाऊक असलेले विल्यम स्लीमन यांना १८२८ साली येथील बडा सिमला टेकडीजवळ काही अश्मीभूत मणके सापडले. त्या वेळी ‘डायनोसॉर’ हा शब्दही जन्मला नव्हता. मणक्यांना ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव मिळाले ते १८७७ साली. वस्तू हाती होती. तिची ओळख पटण्यास मात्र एकोणपन्नास वर्षे लागली.

आता नावेतून वाकून ओंजळभर पाणी घ्या. या ओंजळीत कड्यांहूनही पुरातन असा एक अवशेष आहे. सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी विश्वाचा आरंभ झाला. त्यानंतर अवघ्या सेकंदाभरात न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण इतर पदार्थांपासून मोकळे झाले, ते आजतागायत संचार करीत आहेत. गणिताप्रमाणे प्रत्येक घन सेंटिमीटर जागेत ते सरासरी सुमारे ३३६ आहेत. आपल्या ओंजळीतून, कड्यांतून, खुद्द आपल्या देहातून ते जातात. परंतु त्यांपैकी एकही अद्याप प्रत्यक्ष टिपता आलेला नाही.

न्यूट्रिनो मुळीच सापडत नाहीत, असे नव्हे. १९६५ साली आजच्या कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह वातावरणात उत्पन्न होणाऱ्या न्यूट्रिनोंची चाहूल टिपली. परंतु आद्य न्यूट्रिनोंची ऊर्जा त्यांच्याहून कित्येक लाख कोटी पटींनी कमी आहे. विश्व प्रसरण पावता पावता ते थंडावले. त्यांचे तापमान आता उणे २७१ अंश सेल्सिअस मानले जाते. इतक्या मंद स्पर्शाची खूण उमटावी कशी?

१९६२ साली स्टीव्हन वाइनबर्ग यांनी एक मार्ग सुचविला. ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन आपोआप क्षय पावून इलेक्ट्रॉन बाहेर टाकतो. त्याने आद्य न्यूट्रिनो गिळला, तर इलेक्ट्रॉनची ऊर्जा नेहमीच्या कमाल मर्यादेहून किंचित अधिक भरेल. मात्र शंभर ग्रॅम ट्रिटियम जमविले, तरी वर्षाकाठी अशा चार ते आठच घटना अपेक्षित आहेत. नित्याच्या इलेक्ट्रॉनांच्या लोंढ्यातून त्या निवडणे हेच खरे आव्हान. इटलीतील ग्रान सास्सो प्रयोगशाळेत ‘टॉलेमी’ प्रकल्पाची त्यासाठी पूर्वतयारी चालू आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? १९६५ सालीच सापडलेला विश्वाचा आद्य प्रकाश आरंभानंतरच्या ३ लाख ८० हजार वर्षांपासूनची हकिगत सांगतो. हे न्यूट्रिनो पहिल्या सेकंदाची साक्ष देतील.

भेडाघाटी जाल तेव्हा स्लीमन यांचे मणके आठवा. अवशेष समोर असतो; तो ओळखण्याची दृष्टी माणसाला कमवावी लागते.