चढणीचे मासे

परवा मृगाची पहिली मोठी सर आली आणि सवयीने पाय घरामागच्या ओढ्याकडे वळले. तिथे आता सिमेंटचा रस्ता आहे, हे पोचल्यावर आठवलं. वय झालं, दुसरं काय!

आमचं अकोले प्रवरेकाठचं (विदर्भातलं अकोला नव्हे!). पहिल्या पावसात नदीतले मासे अंडी घालायला ओढ्यातून वर चढत. ते चढणीचे मासे. भूगोलाच्या तासाला मी मुलांना तिथेच नेई. दरडीत खंड्याचं बीळ, दगडाखाली खेकडे, काठाला निर्गुडी... पुस्तक उघडावंच लागत नसे.

पुढे वस्ती वाढली, सांडपाणी ओढ्यात आलं, डास झाले. ओढा पाइपात घालून वर रस्ता करावा, असा अर्ज आळीने केला. खरं सांगतो, त्या अर्जातलं अक्षर माझं होतं. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती त्यात.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मी पुण्यात मुलाकडे होतो, अरण्येश्वरजवळ. कात्रजकडे पाऊस कोसळला आणि आंबिल ओढा थेट तळमजल्यात शिरला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात एकदा वळवलेला हा ओढा, अलीकडे दोन्ही बाजूंनी बांधकामांनी आवळलेला. त्या पुरात पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. २००५ साली मुंबईत मिठी नदीचा पूर टीव्हीवर पाहिला होता, हळहळलोही होतो. इथे पाणी माझ्या कमरेला लागलं. नातवाला खांद्यावर घेऊन जिना चढताना मला आमचा तो अर्ज आठवत होता.

उघड्या ओढ्याचं पाणी काठावर पसरतं, मुरतं, झुडपांत त्याचा वेग मोडतो. पाइपाला पसरायला जागाच नाही. मापापेक्षा जास्त पाणी आलं किंवा तोंडाशी फांद्या-कचरा अडकला, की ते रस्त्यावरून धावतं. आमच्या आळीत अजून तसं झालेलं नाही.

असो. परवा तसाच छत्री घेऊन नदीच्या बाजूने खाली उतरलो. पाइपाचं तोंड पाण्यापासून हातभर उंच आहे. पाच-सहा मासे त्या धारेवर उड्या घेत होते आणि पुन्हा खाली पडत होते. शेजारी दोन पोरं पिशवी घेऊन बसलेली.

"सर, तुम्हीपण मासे धरायला आलात?" एकाने विचारलं.

मी छत्री मिटून त्यांच्याजवळ दगडावर बसलो.