एका ग्राफिक कार्डाची सोयरीक

घरात लग्नाचं बघणं सुरू झालं की ज्याला विचारावं त्याच्याकडे एक स्थळ असतंच. ग्राफिक कार्डाचंही तसंच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माझ्या कॉम्प्युटरचं कार्ड गेलं आणि पुढचे तीन आठवडे अख्ख्या विष्णुपुरीत मला सल्ला न देणारा फक्त आमचा चहावाला उरला. नंतर कळलं, त्याच्याकडेही एक स्थळ होतं. पुतण्याचं, सेकंडहँड!

आधी आमच्या मशीनची पत्रिका सांगतो. दादाने २०१९ साली लातुरात असेंबल करून घेतलेला हा पीसी. आय-फाइव्ह ९४००एफ प्रोसेसर, एच३१० चा मदरबोर्ड, आठ जीबी रॅम (पुढे सोळा केली) आणि चार जीबीचं जीटीएक्स १०५० टीआय. दादा पुण्याला नोकरीला लागला तेव्हा हे सगळं माझ्याकडे आलं. लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड असा एसटीचा प्रवास करून. मॉनिटर मांडीवर, कॅबिनेट पायाशी, आणि कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं ते वेगळंच.

प्रोसेसरच्या नावातला तो शेवटचा 'एफ' लक्षात ठेवा. एफ म्हणजे या प्रोसेसरच्या पोटात स्वतःचं ग्राफिक नाही. तेव्हा तो थोडा स्वस्त मिळत होता, म्हणून दादाने घेतला, आणि कार्ड असेपर्यंत काही बिघडत नाही. पण कार्ड गेलं की पंखे फिरतात, लाईट लागतो, की-बोर्ड चमकतो आणि पडदा मात्र काळा ठिक्कर. आमच्या बाबतीत आधी दोन दिवस पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन आले, मग उभ्या रेघा, आणि तिसऱ्या दिवशी नुसता बीप. शेजारच्या रूममधल्या पोराचं जुनं जीटी ७१० आणून लावलं तर डिस्प्ले आला. आमचं कार्ड त्याच्या मशीनला लावलं तर त्याचाही पडदा काळा. म्हणजे रोगनिदान पक्कं. एका दुरुस्तीवाल्याने चिप तापवून बसवायचे अडीच हजार सांगितले. गॅरंटी विचारली तर म्हणाला, "गॅरंटी कसली भैया, चाललं तर चाललं." तिथेच रामराम केला.

आता तुम्ही म्हणाल, गेमच खेळायच्या ना, एवढं काय त्यात? बरोबर आहे. 'प्रोजेक्टसाठी पाहिजे' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने घरी एकदा तरी टाकलेलं असतं. माझ्या बाबतीत ते अर्धं खरं होतं. फायनल इयरला सोयाबीनच्या पानावरचे रोग फोटोवरून ओळखायचा आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट आहे. फुकटच्या कोलॅबवर काम होतं, पण ट्रेनिंग रंगात आलं की वेळ संपल्याचा निरोप येतो. रूममधले सिव्हिलचे दोघं याच मशीनवर ड्रॉइंग करतात. आणि उरलेलं अर्धं खरं म्हणजे रविवारची रात्र.

रविवारी दहा वाजता दादा पुण्याहून आणि मी नांदेडहून काउंटर-स्ट्राइक खेळतो. दादाने एमपीएससीचा अभ्यास सोडून कंपनीत नोकरी धरली, तेव्हापासून त्याचं आणि पप्पांचं बोलणं जवळजवळ बंद आहे. फोन आईला येतो. पप्पा बाजूला बसून ऐकतात आणि उठून जातात. पण गेम खेळताना हेडफोनवर दादा हळूच विचारतो, "पप्पांच्या गुडघ्याचं काय? बोअरला पाणी आहे का?" फोनवर हे प्रश्न तो मला कधीच विचारत नाही. समोर कुणीतरी गोळ्या झाडत असला की माणसाला विचारायला सोपं जात असावं. कार्ड गेल्यावर तीन रविवार गेले आणि घरची खबर त्याच्यापर्यंत पोचायची बंद झाली.

पैशाचा हिशेब सांगतो. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपचे नऊ हजार माझ्याकडे होते. घरी मागायची सोय नव्हती. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जो पाऊस पडला तो तुम्ही पाहिलाच. आमचं गाव अहमदपूर तालुक्यात. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं आणि निम्म्याच्या वर काळं पडलं. त्यात धाकटी बहीण लातूरला नीटची दुसरी खेप देतेय, तिच्या होस्टेलचा हप्ता दिवाळीनंतर. 'लातूर पॅटर्न' बाहेरून फार झळाळतो, पण त्याचे हप्ते ज्या घरात भरले जातात तिथे जाऊन बघा. तेव्हा तिच्या पैशाला हात लागणार नाही, हे मी आधीच ठरवून टाकलं.

आता स्थळं. पहिलं स्थळ दुकानातलं. "जीटी ७३० घे, यातही चार जीबी, तुझ्यातही चारच जीबी होती ना?" ही जीबीची भूल आपल्याकडे फार जुनी आहे. नव्या मोंढ्यातल्या गोदामाचं उदाहरण घ्या. गोदाम केवढंही मोठं असू द्या, गेट एका हातगाड्याएवढं असेल तर आडत्याचा माल बाहेर निघणार कसा? कार्डाची जीबी म्हणजे गोदाम. गेट म्हणजे मेमरीचा वेग आणि बसची रुंदी. डीडीआर३ च्या जीटी ७३० चं गेट सेकंदाला जास्तीत जास्त २८.८ जीबीचं, माझ्या मेलेल्या १०५० टीआयचं ११२ जीबीचं. गोदाम सारखं, गेट चौथा हिस्सा. वर त्या ७३० मध्ये काम करणारे हमालही कमी!

दुसरं स्थळ सेकंडहँड आरएक्स ५८०, आठ जीबी, २५६ बिटचं ऐसपैस गेट. किंमत ऐकून तोंडाला पाणी सुटतं. पण ही कार्डं कुठून आली ते बघा. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली आणि वर्षानुवर्षं रात्रंदिवस जुंपलेली कार्डं बाजारात आली. कामाला जुंपलेला बैल वाईटच असतो असं नाही, पण त्याचे दात मोजून घ्यावेत. शिवाय '५८०' म्हणून विकली जाणारी बरीच कार्डं '२०४८एसपी' असतात. अस्सल ५८० मध्ये २३०४ कोअर, यात २०४८, म्हणजे आतून ते ५७० च. आणि त्याहून पुढची गंमत: जुन्या जीटीएस ४५० किंवा ५५० टीआयच्या बायोसमध्ये फेरफार करून त्याला १०५० टीआय म्हणून विकणारेही आहेत. जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर असली कार्डं ओळखून नावापुढे 'फेक' लिहितं. सेकंडहँड घेणाऱ्याने ते पेनड्राइव्हवर घेऊनच जावं.

माझं ५८० शी न जुळण्याचं कारण मात्र वेगळं होतं: एसएमपीएस. कॅबिनेटवर '४५० वॅट' असं मोठ्या अक्षरात होतं. पण एसएमपीएसची जात बाहेरच्या अक्षरांवरून कळत नाही, अंगावरच्या स्टिकरवरून कळते. मी कॅबिनेट उघडून बॅटरीच्या उजेडात स्टिकर वाचलं: १२ व्होल्टला १६ अँपिअर. गुणाकार पहिल्या वर्षाचा, १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः या १२ व्होल्टच्याच ताटात जेवतात. प्रोसेसर ६५ वॅटचा, हार्डडिस्क-पंख्यांचे पंधरा-वीस. उरले जेमतेम ११०. आणि ५८० ला एकट्याला १८५ पाहिजेत! असं कार्ड लावून भर गेममध्ये मशीन बंद पडलं तर ते नशीब म्हणायचं, स्वस्तातला एसएमपीएस जाताना बोर्डालाही घेऊन जातो.

म्हणून माझी मर्यादा ठरली. पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट स्वतः ७५ वॅटपर्यंत देतो, वेगळी वायर न लावता तेवढ्यात भागेल तेच कार्ड. सगळे मित्र सांगत होते, आरएक्स ६६०० घे. खरंच फार चांगलं कार्ड आहे ते, पण त्याला १३२ वॅट आणि वेगळी वायर लागते. म्हणजे आधी चार हजारांचा नवा एसएमपीएस, मग वीसच्या पुढे कार्ड. नवरीपेक्षा मांडवच जड!

७५ च्या आत कोण कोण? आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅटचं, गरीब स्वभावाचं. पण ते बोर्डाशी चारच लेनने बोलतं. नव्या पीसीआय ४.० च्या बोर्डावर ते चालून जातं, आमच्या ३.० च्या बोर्डावर वेग निम्मा होतो, आणि चार जीबी भरली की गेम अडखळतो. इंटेलचं ए३८० सहा जीबीचं, पण त्याला रिसाइझेबल बार लागतो आणि इंटेल त्यासाठी दहाव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर सांगतं. आमचा नववीत. गेला. पुन्हा १०५० टीआयच सेकंडहँड घ्यावं? एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर थांबवले, आता २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. रिटायर झालेल्याला पुन्हा बोहल्यावर कशाला चढवा? जीटीएक्स १६५० चांगलं, पण पुन्हा चारच जीबी.

राहिलं आरटीएक्स ३०५०, सहा जीबीचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं, ७० वॅट, वायर नाही, आणि कूडा असल्यामुळे पायटॉर्चचं काम सरळ. यातही एक खोच आहे. याच नावाचं आठ जीबीचं कार्ड २०२२ पासून आहे, त्यात २५६० कोअर आणि १२८ बिटची बस. सहावाल्यात २३०४ कोअर आणि ९६ बिट. दुकानातला पोरगा म्हणाला, "सेमच आहे, फक्त दोन जीबी कमी." सेम नाही. आठवाल्याला १३० वॅट लागतात. दोन सख्ख्या भावांना एकच नाव ठेवल्यासारखं करून ठेवलंय कंपनीने, पत्रिका वाचल्याशिवाय कळायचं नाही. मला मात्र धाकटाच पाहिजे होता.

भाव? नांदेडात १७,२०० सांगितला. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये चौकशी केली तर १६,५००. आमच्याकडे १९५६ पर्यंत हैदराबादच राजधानी होती, त्यामुळे 'चांगली वस्तू हैदराबादला' हे आजोबांच्या पिढीपासून रक्तात आहे. तिकडच्या दुकानात "क्या होना?" असं विचारलं की परकंही वाटत नाही. पण सातशे रुपयांसाठी जायचं-यायचं भाडं, एक दिवस, आणि उद्या वॉरंटीत द्यायची वेळ आली की पुन्हा तीच वारी. थांबून बघावं तर त्याच दिवसांत एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅमचे भाव चढायला लागले होते, कार्डांचेही चढतील अशी चर्चा होती. जीएसटीच्या सप्टेंबरमधल्या कपातीचा कार्डाला काही उपयोग नव्हता, आधीही अठरा टक्के आणि नंतरही अठराच.

नऊ हजार माझे. रूममधल्या दोघांनी हजार-हजार दिले, 'ड्रॉइंगचं भाडं' म्हणून. दादाला फोनवर सांगितलं तर त्याने अर्ध्या तासात पाच हजार पाठवले. वर म्हणाला, "पप्पांना सांगू नको." झाले सोळा. बाराशे कमी.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पप्पा आजीला दाखवायला डॉक्टर लेनमध्ये आले. आजीला आत्याकडे सोडून माझ्याबरोबर दुकानात आले, म्हणाले, "बघू तरी, येवढ्या पैशाचं काय असतंय ते." त्यांना ग्राफिक कार्ड माहीत नाही. पण बियाण्याची पिशवी कशी घ्यायची ते माहीत आहे, आणि सगळी परीक्षा त्यांनी त्याच पद्धतीने घेतली. खोका उलटापालटा केला. सील बघितलं. "ह्याच्यावर लॉट नंबर कुठं असतोय?" मी सिरियल नंबरचं स्टिकर दाखवलं. त्यांनी खोक्यावरचा आणि कार्डावरचा नंबर चष्मा लावून एकेक आकडा जुळवला. "उगवलं न्हाई तर?" दुकानदाराला हसू आलं, पण त्याने नीट सांगितलं: तीन वर्षं वॉरंटी, बिल पाहिजे, सर्व्हिस सेंटरला पाठवायचं. "मंग बिल पक्कं करा. कच्च्या चिठ्ठीवर आमी बियाणं पण घेत न्हाई."

मी पैसे मोजले. पप्पा बघत होते.

"सोळा कुठून आले?"

"नऊ माझे. दोन पोरांचे."

"आन् पाच?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती. मी म्हणालो, "दादाचे."

पप्पा काही बोलले नाहीत. बनियनच्या खिशातून पाकीट काढून बाराशे रुपये माझ्या नोटांवर ठेवले, सगळा गठ्ठा पुन्हा एकदा मोजला आणि काउंटरवर सरकवला. दुकानदाराने कॉम्प्युटरवर बिल उघडलं. "नाव काय टाकू?"

मी तोंड उघडायच्या आत पप्पांनी दादाचं पूर्ण नाव सांगितलं. आडनाव, नाव, वडिलांचं नाव, शाळेच्या दाखल्यावर असतं तसं. मोबाईल नंबर विचारला तेव्हा माझ्याकडे बघितलं. तो मी सांगितला. दादाचाच.

कार्ड रूमवर येऊन लावायला दहा मिनिटं लागली. जुना ड्रायव्हर साफ करून नवा टाकायला त्याहून जास्त. तासभर गेम चालवून तापमान बघितलं, ६४ च्या वर गेलं नाही. पानांच्या फोटोंचं ट्रेनिंग रात्रभर लावलं, मधेच कुणी हाकललं नाही.

बिलाचा फोटो माझ्याकडे आहे. मूळ कागद पप्पा घेऊन गेले, म्हणाले, "तुमच्या रूमवर उंदरं बी लई आन् पोरं बी लई." तो आता घरी सोयाबीनच्या पावत्यांच्या फाईलमध्ये लावलेला आहे. वॉरंटी नोव्हेंबर २०२८ पर्यंत.