ठासणीची बंदूक

आमच्या संगमनेराकडं रानडुकरं पिकात शिरली की ठासणीच्या बंदुकीची आठवण निघते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकराखणीसाठी तिच्या परवान्याची सोय आहे. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधीचा बोळा, मग छर्रे घालायचे आणि गजानं ठासायचं. घोडा पडला की टोपी फुटायची अन् ठिणगी बारीक भोकातून दारूला भिडायची.

आता नातू मोबाइलवर जुन्या लष्करी बंदुका दुरुस्त करायचे धडे लावतो. इंग्रजी मला कळत नाही, पण हात कळतात. तो परदेशी कारागीर आधी नळीत गज घालतो, मग तेवढाच बाहेरून लावून बघतो. गज आखूड गेला, तर आत जुना बार अजून बसलाय. दारू कोरडी राहिली, तर कित्येक वर्षांनीही पेट घेते.

नातू म्हणाला, "आबा, आपणबी शिकू की."

म्हणलं, "बाळा, धंदा म्हणून बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो."

पण मनात दुसरंच सलत होतं. त्या कारागिराचं काम जगभर दिसतंय. आमचे जुने लोहार मात्र गेले, त्यांचं चित्रण कुणी केलं नाही. विळ्या-कुऱ्हाडीला पाणी कसं पाजायचं, हे जाणणारे एक-दोन म्हातारे अजून आहेत. नातवाला म्हणलं, "मोबाइल घे. आधी त्यांच्याकडं जाऊ."